आधी शाळा, मग घर? आणि दहावीचं काय?

वाचकाचं पत्र

पुण्यातल्या एका आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

यजमानांना इंग्लंडमध्ये नोकरी लागली आहे, ऑफिस रेडिंगला. ते जूनमध्ये पुढे जातील. मुलगी स्टेट बोर्डाच्या इंग्रजी शाळेत आहे, आठवीची परीक्षा नुकतीच झाली, मार्चमध्ये तिला चौदा पूर्ण झाली. धाकटा जानेवारीत सहाचा झाला, जूनमध्ये पहिलीत जाईल. दोघांच्या शाळा तिकडे नक्की झाल्याशिवाय पुण्यातलं बस्तान हलवायचं नाही, असं या बाईंनी ठरवलं आहे. सहामाही इथेच होऊ द्यायची, दिवाळी घरी करायची आणि नोव्हेंबरात निघायचं, असा बेत आहे. पण रोज नवीन काहीतरी कानावर येतं. सासूबाई म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. पोरीला माझ्याजवळ ठेवा, दहावी झाली की न्या. स्लाऊला राहणारी नणंद म्हणते, 'आउटस्टँडिंग' शाळेजवळच घर घ्या, नाहीतर येऊच नका. यजमान म्हणतात, पाण्यात पडली की पोहायला शिकेल. शिवाय एक एजंट दोन्ही मुलांच्या 'सीट पक्क्या' करून देण्याचे पंचाहत्तर हजार रुपये मागतो आहे. त्या विचारतात: "पैसे भरू का? मुलीला एक वर्ष खाली बसवलं तर बरं पडेल का? आणि शाळा मिळालीच नाही तर?"

उत्तर

प्रिय मैत्रीण,

सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. एजंटला एक रुपयाही देऊ नका. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेचा अर्ज फुकट असतो. तिथे डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. मुलं जास्त आणि जागा कमी असतील तर कोणाला आधी घ्यायचं, याचे नियम प्रत्येक शाळेला जाहीर करावे लागतात आणि त्या क्रमानेच जागा भराव्या लागतात. जी वस्तू विकायलाच नाही ती हा माणूस तुम्हाला विकतो आहे. फार तर तो तुमच्या नावाने तोच फॉर्म भरेल, जो तुम्ही जेवणं आटोपल्यावर अर्ध्या तासात भरू शकता.

आणखी एक भीती घालवते. सार्वजनिक निधीवर हक्क नाही, अशी अट वर्क व्हिसावर असते. ती वाचून पुष्कळ जण प्रायव्हेट शाळा शोधू लागतात. ती अट भत्ते आणि सरकारी घरांबद्दल आहे, शाळेबद्दल नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्यांची मुलं सरकारी शाळेत बिनदिक्कत जातात आणि फी शून्य असते. प्रायव्हेट डे-स्कूलची फी वर्षाला पंधरा-वीस हजार पौंडांच्या घरात सहज जाते, त्यावर १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागतो. कंपनी भरणार नसेल तर तो विचार बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे: 'शाळा पक्की झाल्याशिवाय हलायचं नाही.' आई म्हणून ते मला पटतं. पुण्यात आपण शाळेकडे असंच बघत आलो. नर्सरीपासून फॉर्म, इंटरव्ह्यू, यादी; एकदा शाळा मिळाली की घर कितीही लांब असू दे, स्कूल व्हॅन आहेच. म्हणजे शाळा आधी आणि पत्ता नंतर. इंग्लंडमध्ये हा क्रम उलटा आहे. तिथे पत्ता शाळा मिळवून देतो. सरकारच्या देखरेखीखालची मुलं आधी, मग बहुतेक ठिकाणी ज्यांचं भावंड त्या शाळेत आहे ती मुलं, मग शाळेच्या हद्दीत किंवा अगदी जवळ राहणारी. अंतर बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेत मोजतात, अगदी मीटरमध्ये. कोथरूडच्या पत्त्यावरून अर्ज केला तर तुम्ही साडेचार हजार मैलांवर राहता, असंच धरलं जाणार. भाडेकरार हातात येईपर्यंत बहुतेक काउन्सिल (तिथल्या नगरपालिका) नवा पत्ता धरतच नाहीत.

म्हणून 'शाळा पक्की, मग घर, मग तिकीट' हा क्रम तुम्ही कितीही धडपड केलीत तरी जमायचा नाही, आणि त्यात दोष तुमचा नसेल. घर, मग अर्ज, मग शाळा असाच क्रम तिथे चालतो. याचा अर्थ डोळे मिटून जायचं असा मात्र नाही. यजमान जूनमध्ये जाणार आहेत हे तुमचं बळ आहे. ते ऑफिसच्या बॅगेबरोबर हे कामही घेऊन जाऊ देत.

रेडिंगची एक गंमत त्यांना आधीच सांगून ठेवा. गाव एकच दिसतं, पण त्यात तीन काउन्सिलांची हद्द येते: रेडिंग, वोकिंगहॅम आणि वेस्ट बर्कशायर. अर्ली आणि वुडली रेडिंगला चिकटून आहेत, पण वोकिंगहॅमच्या हद्दीत. टाइलहर्स्टचा एक भाग रेडिंगमध्ये तर दुसरा वेस्ट बर्कशायरमध्ये. रस्ता ओलांडला की शाळांचा कारभार बघणारं ऑफिस बदलतं. घर बघायला जाण्याआधी तिन्ही काउन्सिलांच्या स्कूल ॲडमिशन्स टीमला एकेक ईमेल टाकावा: सप्टेंबरसाठी इयर टेनमध्ये (मुलीचा वर्ग) आणि इयर टूमध्ये (धाकट्याचा) कोणत्या शाळांत जागा आहेत? विचारलं तर ही माहिती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ईमेल तुम्ही पुण्यातूनही टाकू शकता, आजच. मग ज्या भागात दोन्ही वर्गांना जागा दिसतात तिथे घर शोधायचं. नणंदेचा सल्ला यापेक्षा वेगळा आहे आणि महागही आहे, त्याकडे नंतर येते.

वर्षाच्या मध्ये किंवा मधल्या वर्गात प्रवेश घ्यायचा असेल तर त्याला 'इन-इयर' अर्ज म्हणतात. काही ठिकाणी तो काउन्सिलकडे करायचा, काही शाळांकडे थेट. कोणता कुठे, हे काउन्सिलच्या वेबसाइटवर दिलेलं असतं. उत्तर शाळेच्या कामकाजाच्या १० दिवसांत द्यावं अशी अपेक्षा असते आणि १५ दिवसांत द्यावंच लागतं. यातला 'शाळेच्या कामकाजाचे' हा शब्द नीट लक्षात घ्या. जुलैच्या शेवटी शाळा बंद होतात त्या सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत; ते सहा आठवडे या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून भाडेकरार जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात होऊन अर्ज लगेच गेला तर उत्तम.

नकार आला तर? नकाराबरोबर अपिलाचा हक्क मिळतो आणि प्रतीक्षायादीत नाव ठेवायला सांगता येतं. अशी यादी अर्जाच्या तारखेनुसार लावता येत नाही, प्रवेशाच्या नियमांनुसारच लावावी लागते. म्हणजे उद्या शाळेजवळ राहायला आलेलं कुटुंब सहा महिने थांबलेल्याच्या वर जातं. हे ऐकायला कडू आहे, पण नव्याने येणाऱ्याच्या बाजूचंही आहे.

हे मी स्वतः भोगलं आहे. आम्ही दोन मुलांना घेऊन नाशिकहून गेलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवरचं घर घेतलं आणि आपण फार हुशारी केली असं समजलो. गल्लीच्या टोकाला शाळा होती, लाल विटांची, कुंपणाला मुलांनी रंगवलेल्या लाकडी पेन्सिली लावलेली. आम्हाला वाटलं, झालं काम. धाकटीच्या वर्गात एकही जागा नव्हती. तिला मिळाली ती शाळा दोन बस बदलून. नोव्हेंबरातल्या अंधाऱ्या सकाळी तिचा एक मोजा बसमध्ये घालायचा, कारण घरी घालायला वेळच उरायचा नाही. रोज त्या पेन्सिलींच्या कुंपणासमोरून आमची बस जायची. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दहाच्या सुमारास फोन आला: एक कुटुंब गाव सोडून चाललं आहे, जागा हवी असेल तर उद्यापर्यंत सांगा. सोमवारी ती त्या कुंपणाच्या आत होती. तिकडे भाड्याच्या घरात राहणारी माणसं सतत हलत असतात आणि जागा वर्षभर सुटत असतात. पहिला नकार आला म्हणून दारं बंद झाली असं समजू नका.

तुमच्या धाकट्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. तिकडे मूल १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षात किती वयाचं होतं त्यावर वर्ग ठरतो. त्या हिशेबाने तो सप्टेंबरात इयर टूमध्ये बसेल. रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टू या तीन वर्गांत एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं बसवायला कायद्याने बंदी आहे. वर्ग भरला की भरला. अशा अपिलात यश क्वचितच येतं. म्हणून मुलीच्या शाळेपेक्षा धाकट्याच्या शाळेची जागा आधी बघा आणि घर तिच्या जवळ घ्या. चौदा वर्षांची मुलगी बसने जाईल. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही वेळा तुम्हालाच सोडायला-आणायला जायचं आहे, आणि तेही बहुधा पावसात.

इथे पहिलीत जाणारं मूल तिथे एकदम दुसऱ्या इयरमध्ये, म्हणून तुम्ही घाबराल. मोठ्या शिशूतून येतो म्हणजे अक्षरं, छोटे शब्द त्याला येत असतील; राहिलेलं ते करून घेतात. सहा वर्षांचं मूल भाषा कशी उचलतं हे बघून तुम्हालाच नवल वाटेल. तुम्ही एवढंच करा: अक्षरांची नावं नाही, त्यांचे आवाज शिकवा. वाचनाची त्यांची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. दुपारचं जेवण इयर टूपर्यंत सगळ्याच मुलांना शाळेत फुकट मिळतं, शाकाहारीही असतं. तरी डबा द्यायचा असेल तर शेंगदाण्याची चटणी आणि कूट घातलेलं काही देऊ नका. ॲलर्जीमुळे बहुतेक शाळांत दाण्यांना बंदी असते आणि आपल्या घरात ते सवयीने सगळीकडे पडतात.

आता मुलीकडे येते. तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते तिच्यासाठी.

सप्टेंबरात ती इयर टेनमध्ये बसेल. दहावं आणि अकरावं इयर मिळून जीसीएसईचा, म्हणजे तिथल्या बोर्डाच्या परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि परीक्षा अकराव्या इयरच्या मे-जूनमध्ये. म्हणजे या सप्टेंबरात तिच्या वर्गातली सगळीच मुलं नव्या पानावर असतील. विषय सगळ्यांना नवे, वह्या कोऱ्या. ती आणि बाकीची मुलं एकाच रेषेवरून पळायला लागतील. (काही शाळा हा अभ्यासक्रम नवव्या इयरमध्येच सुरू करतात, तेवढं प्रत्येक शाळेला विचारून घ्या.)

तुमच्या बेताप्रमाणे ती नोव्हेंबरात पोहोचली तर? इथली नववी अर्धी सुटलेली आणि तिथलं इयर टेन अडीच महिने पुढे गेलेलं. जीसीएसईला इंग्रजी साहित्यात शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी आणि कवितांचा संच असतो; कोणतं नाटक, कोणती कादंबरी हे शाळा ठरवते आणि तोवर एखादं शिकवून झालेलं असतं. त्याहून जाचक म्हणजे विषयांची निवड. इतिहास, भूगोल, कॉम्प्युटर, कला यांतून मुलं विषय निवडतात, त्यांचे गट वसंतातच ठरतात आणि उशिरा येणाऱ्याला उरलेलं घ्यावं लागतं.

मी काही वर्षं एका शाळेच्या लायब्ररीत मदत करायला जायचे. जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी येऊन कोपऱ्यातल्या रेडिएटरला पाठ लावून बसायची. नागपूरची. जानेवारीत आली होती, इयर टेनमध्ये. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं. तिला इतिहास हवा होता, तो गट भरलेला, म्हणून फूड टेक्नॉलॉजी मिळालं होतं. एकदा तिने मला तिची विज्ञानाची वही दाखवली. उजव्या पानांवर तिचं सुंदर अक्षर, डावी पानं सगळी कोरी. म्हटलं, ही का सोडलीस? तर म्हणाली, "हे मी यायच्या आधी झालंय. जसं जसं कळेल तसं भरायचं." उन्हाळ्यापर्यंत निम्मी पानं भरली होती. ती तरून गेली, हे खरं. पण तरून जाण्यात तिचं चौदावं वर्ष संपलं.

म्हणून यजमानांना माझा निरोप सांगा: पाण्यात पडली की पोहायला येतं हे धाकट्याच्या बाबतीत खरं आहे. मुलीच्या बाबतीत ती कुठल्या महिन्यात पडते यावर सगळं आहे.

तिच्यासाठी दोन दारं सरळ उघडी आहेत. एक, या सप्टेंबरात इयर टेन. दुसरं, इथे दहावी पूर्ण करून सोळाव्या वर्षी सप्टेंबरात इयर ट्वेल्व्ह, म्हणजे ए-लेव्हल (तिथली अकरावी-बारावी) किंवा कॉलेज. वयाच्या हिशेबात दोन्ही अचूक बसतात. या दोन दारांच्या मधल्या भिंतीवर डोकं आपटू नका. सहामाही करून निघणं म्हणजे तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं अशी गत. ना दहावी, ना जीसीएसईची पुरी दोन वर्षं. दिवाळी घरी करायची तुमची इच्छा मी समजू शकते. पण या एका दिवाळीची किंमत मुलगी दीड वर्ष फेडत राहील. ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघा.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्याला मी नुसती जुनी भीती म्हणणार नाही, कारण ते दुसरं दार आहे आणि खरं आहे. मुलीचा अभ्यास इथे बसलेला आहे, मैत्रिणी आहेत, आजीचा जीव आहे. दहावी झाल्यावर ती अठराच्या आत असल्याने तुमची आश्रित म्हणून व्हिसाही मागता येतो. पण तीन गोष्टी तपासून बघा. पहिली, आपल्या दहावीला कोणतं कॉलेज किती मोल देतं हे प्रत्येक कॉलेज आपापल्या परीने ठरवतं. जीसीएसईचं इंग्रजी आणि गणित नसेल तर काही ठिकाणी ते विषय पुन्हा करायला लावतात. दुसरी, ए-लेव्हलला बहुधा तीनच विषय आणि दोनच वर्षं. तिथली अभ्यासाची रीत शिकायलाही वेळ मिळत नाही. तिसरी गोष्ट कागदावर येत नाही. चौदा ते सोळा ही दोन वर्षं ती आई, वडील आणि भाऊ यांच्याशिवाय काढणार. व्हिडिओ कॉलवर आई रोज असेल, पण मुलीला काही सांगावंसं वाटतं ते सहसा रात्री साडेअकराला, ओट्याशी पाणी प्यायला आल्यावर. सासूबाईंची तब्येत कशी आहे, क्लासवरून रात्री तिला कोण आणणार, हेही बोलून घ्या. सत्तरीच्या बाईवर दहावीची मुलगी सोपवणं हे त्यांच्यावरही ओझं आहे, त्यांनी प्रेमाने मागितलं असलं तरी.

मला विचाराल तर मी सप्टेंबरच निवडेन. पण एका अटीवर, तीही मुलीचीच आहे, शेवटी सांगते.

एक वर्ष खाली बसवण्याबद्दल: तो विचार सोडून द्या. तिथे वर्ग वयाने ठरतो. विनंती करता येते, पण या वयात ती सहसा मान्य होत नाही. मान्य झाली तरी सोळाव्या वर्षानंतर नवे प्रश्न निघतात, आणि आपल्याला 'खाली' बसवलं हे मूल विसरत नाही.

नणंदेच्या 'आउटस्टँडिंग' बद्दल दोनच शब्द. शाळा तपासणारी ऑफस्टेड ही संस्था सरकारी शाळांना असा एका शब्दाचा शेरा सप्टेंबर २०२४ पासून देतच नाही. नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाजूंचं मूल्यमापन असलेलं प्रगतिपुस्तक आलं. गेटवर अजून झळकणारा तो शब्द कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि त्या गेटच्या आसपासची भाडी त्या शब्दामुळेच वाढलेली असतात. रेडिंगच्या नावाजलेल्या ग्रामर स्कूलबद्दलही ती बोलेल. त्यांचा मुख्य प्रवेश इयर सेव्हनला, परीक्षा घेऊन असतो. मुलीची ती वेळ गेली आणि मुलाच्या परीक्षेला अजून चार वर्षं आहेत. आत्ता त्यात जीव घालवू नका. शाळेला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: इयर टेनला कोणते विषयगट अजून उघडे आहेत? विज्ञान तीन वेगळे विषय म्हणून घेता येईल का? परदेशातून आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात कोण भेटतं, त्या शिक्षकाचं नाव काय? या तिसऱ्या प्रश्नाला कोणी चटकन नाव सांगितलं, तर ती शाळा मला आवडेल.

चर्चची शाळा दिसली म्हणून यादीतून काढू नका. चर्च ऑफ इंग्लंडच्या कितीतरी प्राथमिक शाळा सगळ्या धर्मांची मुलं घेतात. काही पुरवणी फॉर्म मागतात, तेवढं पाहायचं.

'शाळा मिळालीच नाही तर?' असं घडत नाही. हवी ती शाळा न मिळणं मात्र सर्रास घडतं. जवळपास कुठेच जागा नसेल आणि मूल चार आठवडे किंवा जास्त घरी असेल, तर भरलेल्या शाळांनाही वाटून मुलं घ्यायला लावण्याची व्यवस्था काउन्सिलकडे असते. तिचं नाव फेअर ॲक्सेस. मिळालेली सर्वांत जवळची शाळा आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा आणि मोठ्या मुलाला तीन मैलांपेक्षा लांब असेल तर जाण्या-येण्याची सोय काउन्सिल फुकट करते. मधले दोन-तीन आठवडे मुलं घरी राहिली तर त्याचं मनाला लावून घेऊ नका. गावातली सार्वजनिक लायब्ररी फुकट असते, पहिल्याच दिवशी दोघांची कार्डं काढा.

कागदपत्रांचं. व्हिसा हातात पडेपर्यंत पुण्याच्या शाळेतून नाव काढू नका. जूनची फी भरावी लागली तरी चालेल. मग शाळा सोडल्याचा दाखला घ्या. तिकडे तो सहसा मागत नाहीत, पण दोन वर्षांनी परत यायची वेळ आली तर इथे पहिल्यांदा तोच मागतील. जन्मदाखले इंग्रजीत करून घ्या, शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड. इंग्लंडमध्ये लस नाही म्हणून प्रवेश अडत नाही, तरी डॉक्टरकडे नाव घालताना ते लागतंच. मुलाचं काही वेगळं असेल, बोलणं उशिरा, ऐकू कमी, लक्ष लागत नाही, तर ते लपवू नका, रिपोर्ट घेऊन जा. आपल्याकडे प्रवेश हुकेल म्हणून हे झाकायची सवय आहे. तिथे ते सांगितल्यावरच मदत सुरू होते.

अशीच पत्रं मला इतर देशांत निघालेल्यांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. इंग्लंडमध्येच, पण मूल या सप्टेंबरात रिसेप्शन किंवा इयर सेव्हनला बसणार असेल, तर अर्जाची मुदत अनुक्रमे आधीच्या १५ जानेवारीला आणि त्याआधीच्या ३१ ऑक्टोबरला संपते. उशिराचे अर्ज घेतात, पण वेळेवर आलेल्यांच्या मागून. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, इंग्लंडचे नियम तिथे लावू नका. अमेरिकेतही पत्त्यावरूनच सरकारी शाळा मिळते, पण तिथे लसींचे दाखले नसतील तर अडवतात. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवणं चालत नाही आणि आधी भाषेचा वर्ग लागू शकतो. तिथे मोठ्या मुलाच्या बाबतीत भाषेचाच प्रश्न सगळ्यात मोठा. दुबईत मात्र पुण्यासारखंच: शाळा खासगी, फी भरून आधी जागा घ्यायची, आणि भारतीय अभ्यासक्रमाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. मोठं मूल आठवी ते दहावीत असेल तर देश कुठलाही असो, आधी त्याच्या परीक्षेचं वर्ष कागदावर मांडा आणि मग नोकरीची तारीख त्याच्या शेजारी लिहून बघा.

युनिव्हर्सिटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आत्ताच माहीत असू दे: वर्क व्हिसावर असलेल्यांच्या मुलांना तिथे साधारणपणे परदेशी विद्यार्थ्यांची फी लागते. चार वर्षांनी हा प्रश्न येईल तेव्हा धक्का नको.

आता ती अट. तुमच्या पत्रात सासूबाई काय म्हणाल्या आहे, नणंद काय म्हणाली आहे, एजंटसुद्धा काय म्हणाला आहे. मुलगी काय म्हणते याबद्दल एकच ओळ आहे: 'तिला विचारलं की ती गप्प बसते.' चौदा वर्षांच्या मुलीला 'तुला जायचंय का?' असं विचारलं तर ती गप्पच बसेल. हो म्हटलं तर मैत्रिणींना टाकल्यासारखं होतं, नाही म्हटलं तर बाबांची नोकरी तिच्यामुळे अडल्यासारखं. हा प्रश्न तिच्या खांद्यावर ठेवू नका. जायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा आणि तसं तिला सांगा. तिला दुसरं काहीतरी द्या, जे खरोखर तिचं असेल.

रेडिंगच्या कुठल्याही दोन शाळांच्या वेबसाइटवर इयर टेनच्या विषयांची पुस्तिका असते, 'ऑप्शन्स' नावाची. ती काढा, प्रिंट करा आणि एका रविवारी दुपारी तिच्याशेजारी बसून ती तिलाच वाचू द्या. नाटक हा विषय घेऊन परीक्षा देता येते, कापडकाम घेऊन देता येते, नृत्य घेऊनही. तुम्ही लिहिलंत ती आठ वर्षं कथ्थक करते. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू घेऊन जीसीएसई देता येते, मराठी घेऊन नाही. हे तिला सांगाल तेव्हा तिला काय वाटतं तेही ऐका. मराठी बोलायला लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, पण वर्गात तिला ती भाषा ऐकू येणार नाही आणि त्याचं दुःख तिला आधी बोलून दाखवता यायला हवं. तुम्ही मध्ये बोलू नका. 'सायन्स घे' असं तर अजिबात नको. पेन्सिल तिच्या हातात द्या आणि तिला हवे असलेले तीन विषय तिलाच लिहू द्या.

तो कागद घेऊन मग काउन्सिलला ईमेल लिहा. यजमान जूनमध्ये घरं बघायला निघतील तेव्हा त्या कागदाचा एक फोटो त्यांच्या फोनमध्ये असू दे. तिने काय लिहिलं ते मला कळवाल का?

तुमची,
सल्लागार ताई